नसलेल्या तळाचा नकाशा

अच्युतराव टेंभेकर सरांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. त्या काळी मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एका हिंदी दैनिकात रविवारच्या पुरवणीची पानं लावत असे. एकदा परदेशांतल्या लष्करी तळांवर लेख आला, आणि पान रिकामं दिसतंय म्हणून मी त्यात एक नकाशा डकवून दिला. सोमवारी दुपारी चपराशी वर येऊन म्हणाला, "मैडम, नीचे एक मास्साब बैठे हैं, जा नहीं रहे।" खाली गेले, तर पांढरा बुशशर्ट घातलेले एक सडसडीत गृहस्थ मांडीवर शाळेचा ॲटलास उघडून बसले होते. मला पाहताच ते उठून उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "आपने कल एक पूरा टापू दूसरे देश को दे दिया। सोचा, बता दूँ।"

माझा पारा चढला. मी तोऱ्यात माझं नाव आणि हुद्दा सांगितला. आडनाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, म्हणजे आपण मराठी! मग तर बसूनच बोलू." बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की नकाशा कोणी काढला, केव्हा काढला आणि मी तो कुठून घेतला. मला तिन्हींचं उत्तर ठाऊक नव्हतं. "सुंदर दिसत होता," मी म्हणाले. त्यावर ते रागावले नाहीत. "हो, सुंदर तर आहे," असं म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा नीट पाहिला. पुढल्या आठवड्यात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची दुरुस्ती छापून आली, आणि सर तिळाच्या गजकचा पुडा घेऊन आभार मानायला हजर झाले. चूक दाखवून वर मिठाई आणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं मला "सरांचं कार्य" असा विषय दिला आहे आणि फोनवर बजावलं आहे, "ताई, जरा आनंदी लिहा, पंच्याहत्तरी आहे." मी प्रयत्न करून पाहिला. पण खरं लिहायचं तर सरांचं कार्य हे हरलेलं कार्य आहे, आणि ते हरण्यात माझा हात आहे. या दोन्ही गोष्टी पोटात ठेवून मला त्यांचा गौरव करता येणार नाही.

सरांनी उभी नोकरी गोरखी भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून आले आणि इथल्या दरबारच्या दफ्तरात हद्दींचे कागद सांभाळू लागले. सरांच्या पत्नी मालतीवहिनी म्हणत, "ह्यांच्या घरात भांडणसुद्धा नकाशा काढून होतं." निवृत्तीनंतर सर सकाळी फिरायला जातील आणि दुपारी झोप काढतील असं वहिनींना वाटलं होतं. पण त्याच सुमारास सगळ्यांच्या हातांत फोन आले, आणि फोनमध्ये बेटं आली. आज काय, तर अमुक बेट आपलंच होतं, जुन्या सरकारनं देऊन टाकलं. उद्या काय, तर तमुक बेटावर आपण गुपचूप आरमारी तळ बांधला, झेंडासुद्धा लावला. परवा काय, तर परक्या देशानं आपल्याच किनाऱ्यावर तळ ठोकला आणि कोणाला पत्ता नाही. निवडणूक जवळ आली की अशा बेटांचा पूर येई. एक पुढारी व्यासपीठावरून बोले, दुसरा त्याला ठणकावून उत्तर देई, आणि बहुतेक वेळा दोघांचीही बेटं चुकलेली असत.

दौलतगंजातल्या सरांच्या घरी, पुढल्या खोलीत, आम्ही दर शनिवारी दुपारी बसू लागलो. सर, मी, आणि चहापुरत्या वहिनी. प्रत्येक दाव्यासाठी सर एक कार्ड घेत आणि त्यावर चार प्रश्न लिहीत. जमीन कोणाची? तिथं राहायची परवानगी कोणत्या करारानं मिळाली? किती मुदतीची? आणि तिथं कायदा कोणाचा चालतो? बहुतेक आरोळ्या दुसऱ्या प्रश्नापर्यंतच टिकत. एखाद्या परक्या बंदरात आपल्या जहाजांना तेलपाणी भरायची सोय झाली, की फोनवर त्याचा तळ होई, आणि तळ झाला की आठवड्याभरात ते बंदरच आपलं होई. सर खिडकीतून समोर बोट दाखवून समजावत, "शर्माजींनी दुकान भाड्यानं घेतलंय. पाटी त्यांची, कुलूप त्यांचं. म्हणून दौलतगंज त्यांचं झालं? आणि भाड्यानं दिलं म्हणून मालकाची मालकी गेली?" आपल्याकडे बोट पाहून शर्माजी तिकडून हात हलवत, आणि सरांना परत हात हलवावा लागे.

मूळ करारांची पानं, समुद्राच्या खोलीचे तक्ते, संसदेतली लेखी उत्तरं, सगळं सर स्वतः वाचत. जिथं काही सापडत नसे तिथं "माहीत नाही" असं स्वच्छ लिहीत. मग ती दोन पानं मराठीत आणि हिंदीत तयार होऊन आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर लागत आणि फोनवरून फिरत. खाली नाव असे, "पडताळणी: अच्युतराव टेंभेकर." आधी खरं लिहायचं, खोटं नंतर आणि जेवढ्यास तेवढं, हा त्यांचा दंडक होता. तो पाळायचा म्हणून, ज्या बेटावरून पुढचं सगळं रामायण घडलं त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. दावा ज्यानं आमच्याकडे पाठवला असेल त्याच्या घरी, आमचं उत्तर फळ्यावर लागण्याआधी, सर स्वतः जात. सिटी सेंटरकडच्या कॉलनीत बँकेतले एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांनी एका बेटाची बातमी सगळ्या कॉलनीला पाठवली होती. ऐन जेठाच्या उन्हात सर मला स्कूटरवर मागे बसवून तिकडे निघाले. तासभर गप्पा आंब्यांच्या झाल्या. मी घड्याळाकडे बघून कंटाळले. मग निघता निघता सरांनी पिशवीतून कागद काढला आणि खालच्या आवाजात सांगितलं की ते बेट कधी आपलं नव्हतंच, हा पाहा करार. गृहस्थांनी दोनदा वाचला आणि तिथंच बसून सगळ्यांना कळवलं की माझं चुकलं. जिना उतरताना मी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? फळ्यावर लावलं असतं, वाचलं असतं त्यांनी." सर म्हणाले, "चारचौघांत खोटा ठरला की माणूस खोट्यालाच धरून बसतो. घरात ठरला तर सोडून देतो." त्या दिवशी मला ते पटलं होतं.

सरांच्या मायेविषयी लिहायचं तर एकच लिहिते. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा सर रोज संध्याकाळी येत, आणि त्यांचा वेळ जावा म्हणून ॲटलासमधून एकेक बंदर काढून त्याची हकिकत सांगत. यजमानांना भूगोलात काडीची गोडी नव्हती. पण सहा वाजत आले की ते दाराकडे बघत.

आता माझी चूक सांगते. हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटावर आपला मोठा तळ उभा राहिला आहे, धावपट्टी आणि धक्का दोन्ही तयार आहेत, अशी बातमी फिरू लागली. एका पुढाऱ्यांनी ती सभेतही सांगितली. आम्ही कार्ड केलं. तसा करार कुठंच नव्हता. शिवाय जिथं धक्का असल्याचं सांगत होते तिथं समुद्र इतका उथळ, की मोठं जहाज जवळ फिरकूच शकत नाही. हे शब्दांत सांगून भागलं असतं. पण त्या आठवड्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्या डोळ्यानं धूसरच दिसे, आणि मला हुशारी सुचली. मी नकाशा काढला. बेटाची खरी किनारपट्टी, त्यावर त्यांनी सांगितलेली धावपट्टी, धक्का, तेलाच्या टाक्या, सगळं मापात. बाजूला समुद्राची खोली. वर जाड अक्षरांत मथळा, "असा तळ अस्तित्वात नाही." हेतू हा, की बघणाऱ्याला कळावं हे इथं बसूच शकत नाही. फोनवरून सरांना वर्णन करून सांगितलं. ते म्हणाले, "खोटं जरा जास्तच दिसतंय का ग?" मी म्हणाले, "सर, मथळा मोठा आहे." "मग जाऊ दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीतरी वरची पट्टी कापून टाकली होती. उरला तो सुबक नकाशा, धावपट्टी, धक्का, टाक्या, आणि खाली "पडताळणी: अच्युतराव टेंभेकर." खोटं बोलणाऱ्यांना जे जन्मात जमलं नसतं ते मी त्यांना तयार करून दिलं होतं. आता त्या तळाला मोजमाप होतं, आणि उभ्या ग्वाल्हेरनं ज्यांच्याकडून भूगोल शिकला त्यांचं नाव होतं. दिल्लीपासून पुण्यापर्यंतच्या नातलगांनी मलाच तो पाठवला. "तुमच्या सरांनी सिद्ध केलं, वाचलं का?" आम्ही पुन्हा लिहिलं, पुन्हा फळ्यावर लावलं, लोकांना फोन केले. कोणी ऐकून घेतलं, कोणी हसलं. मी हात टेकले, पण खरा घाव पुढं बसायचा होता.

सरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून सुभेदार माने राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं फौजी घर. त्यांचा मुलगा संग्राम नौदलात आहे आणि तेव्हा त्याचं जहाज समुद्रावर होतं. नकाशा फिरू लागून चार दिवस झाले नाहीत तोच नवी बातमी सुटली की त्या तळावर हल्ला झाला आहे आणि आपल्या माणसांशी संपर्क तुटला आहे. संग्रामचा फोन काही दिवस आला नव्हता. तो त्या तळावरच आहे असं धरून मानेकाकूंनी अन्न सोडलं. हे कळताच सर उठले, डोळ्यावरच्या पट्टीसकट. मी हात धरून त्यांना घेऊन गेले.

काकू देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. देव्हाऱ्यात माझा नकाशा होता. रंगीत छापून आणलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं आणि वर झेंडूचं फूल. सरांना ते दिसलं नाही, मी त्यांच्या कानात सांगितलं. काकूंनी त्यांचे पाय धरले. "सर, आपल्यामुळं मला एवढं तरी मालूम झालं की माझं लेकरू कुठं आहे. नाहीतर कोण सांगतं हो आम्हाला?"

सर खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "काकू, तिथं कोणीच नाहीये. तिथं तळच नाही. हल्ला कुठला होणार? संग्राम जिथं असेल तिथं जहाजावर ठीक आहे. आपण दोन घास खा."

"पण खाली आपलंच नाव आहे न?" काकू म्हणाल्या.

"नाव माझं आहे. वरचं कापलंय. वर लिहिलं होतं की हे नाही."

सुभेदार दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "सर, आम्ही फौजी माणसं. आम्हाला समजतं. वरून फोन आला असेल आपल्याला, की बोलू नका. बिलकुल नका बोलू. आम्ही पण कोणाला नाही सांगणार."

सगळं आयुष्य ज्या नावाची पत सरांनी जपली, त्याच नावापुढे त्यांचा स्वतःचा शब्द फिका पडला होता. परतताना गल्लीत ते मला म्हणाले, "घरात सांगितलं तरी नाही सुटलं, सुलभा." मी रडत होते. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे त्यांना ते दिसलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली.

संग्रामचा फोन आला. पुढे तो रजेवर घरीही आला. हा सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आला म्हणून सरांना केवढी आशा वाटली होती! आम्ही पुन्हा मान्यांकडे गेलो. संग्रामनं आईबापांसमोर साफ सांगितलं, "बाबा, असा कोणताच तळ नाहीये. मी तर त्या बाजूला गेलोच नव्हतो." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि कौतुकानं आमच्याकडे पाहिलं. "पाहिलं सर? कसा तयार केलाय पोराला! घरात पण तोंड नाही उघडत." संग्राम आम्हाला पोचवायला बाहेर आला. सरांना म्हणाला, "मी रोज सांगतो, सर. थक गया हूँ। आता मी पण हो म्हणून देतो. आईला बरं वाटतं."

त्या शनिवारी सरांनी कार्डांचा डबा बंद करून कपाटावर ठेवला. "पुढल्या शनिवारी नको येऊस," ते मला म्हणाले. त्याला आता वर्ष होऊन गेलं. बातम्या येतच राहतात, लोक सवयीनं त्यांना पाठवतात, ते न उघडता पुसून टाकतात. वहिनी सांगतात की हल्ली दुपारी झोपतात. इतकी वर्षं ज्यासाठी वहिनी मागे लागल्या होत्या ते झालं, आणि आता ते त्यांनाच बघवत नाही.

या सगळ्यात, नकाशा कोणी काढला असं कोणी विचारलं तर सर एकच सांगत, "माझ्या नजरेखालून गेलाय." डोळ्यावर पट्टी असलेला माणूस हे सांगत होता आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. माझं नाव त्यांनी आजतागायत बाहेर येऊ दिलेलं नाही. त्यांच्या चांगुलपणाचे बाकीचे प्रसंग इतर लेखक लिहितील. मला हाच पुरतो, आणि हाच मला खातो.

मागल्या महिन्यात या ग्रंथासाठी मंडळाची बैठक झाली. मानपत्राचा मसुदा वाचून दाखवला गेला. "परभूमीवरील आपल्या गौरवशाली तळाचे सप्रमाण दर्शन घडविणारे भूगोलतज्ज्ञ" असं सरांचं वर्णन होतं. मुखपृष्ठावर नकाशा छापायचा होता, मथळ्याविना. मी ताडकन उठले. काय काय बोलले ते आठवत नाही, आवाज चढला होता हे खरं. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "ताई, आपण कायको एवढा वाद घालता? लोकांना गर्व आहे सरांवर." दुसरे एक जण म्हणाले, "तळ नसला तरी भावना तर खरी आहे न?" शेवटी तडजोड झाली. नकाशा मुखपृष्ठावरून आत गेला, आणि वाक्य झालं "परदेशांतील तळांविषयी मौलिक कार्य." म्हणजे आता ते इतकं मोघम झालं की खोडूनही काढता येणार नाही.

मी तडक दौलतगंज गाठलं. सरांना म्हणाले, "सत्कार नाकारा. नाहीतर निदान तो नकाशा काढायला लावा. आपलं ऐकतील." एका स्वल्पविरामासाठी तास तास घालवणारे सर शांतपणे म्हणाले, "असू दे."

"सर, हा ग्रंथ वाचनालयात राहील. पन्नास वर्षांनी कोणी उघडला तर?"

"पन्नास वर्षांनी मी कोणाच्या घरी जाऊन सांगू, सुलभा?"

मी तशीच उठून आले. म्हणून हा लेख. संपादकांनी तो छापला असेल आणि आपण तो वाचत असाल, तर कृपा करून एवढं ध्यानात ठेवा. या ग्रंथात पुढं कुठंतरी जो नकाशा आहे तो मी, सुलभानं काढला. त्या बेटावर आपला तळ नाही. सर कधीही तसं म्हणाले नाहीत. हे वाचून माझ्यावर कोणाचा विश्वास बसेल अशी फारशी आशा मला नाही. सरांवर बसला नाही, तर मी कोण?

अशा लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तीला दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते मनापासून चिंतते, पण त्यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. आज दौलतगंजात एक दार आहे. ते वाजवून कोणीही विचारू शकतं, "सर, हे आपण म्हणाला होता का?" आणि आतून "नाही" असं उत्तर येतं. कोणी वाजवत नाही, ही गोष्ट निराळी. पण ते उत्तर देणारा माणूस जिवंत आहे, आणि तो नसेल त्या दिवसापासून फक्त नकाशा बोलेल, त्यांच्या नावानं. सर, मी हात जोडून मागते, डोळे जपा, गोळ्या वेळेवर घ्या, वहिनींचं ऐका आणि खूप खूप वर्षं आमच्यात राहा. आपण जितकी वर्षं जगाल, तितकीच वर्षं ते बेट रिकामं राहणार आहे.